दोर माझ्या हातात होता

अक्का, एक तक्रार आहे, आणि ती तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मंडळाने या वर्षी पडद्यामागे काम करणाऱ्या सगळ्यांना टी-शर्ट दिले आहेत. काळे. हेतू उदात्त आहे: विंगेतला माणूस अंधारात विरून जावा, प्रेक्षकांना दिसू नये. इथवर सगळं शास्त्राला धरून आहे. पण मग त्याच टी-शर्टच्या पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, पांढऱ्याशुभ्र अक्षरांत 'बॅकस्टेज' असं छापलं आहे, आणि ती अक्षरं अंधारात चमकतात. म्हणजे कुणी पाहू नये म्हणून ज्याला काळं केलं, त्याच्याच पाठीवर पाटी लावली. मंडळाच्या तरुण चिटणिसाला हा अंतर्विरोध मी समजावून सांगायला गेलो. तो म्हणाला, "काका, मग प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. सिंपल." पंचावन्न वर्षांत माझ्या युक्तिवादाचा इतक्या थोडक्यात पराभव कुणी केला नव्हता. शिवाय माप. माझ्या पोटाशी कसलीही तडजोड करायला तो कपडा तयार नाही. बायको म्हणाली, "उशीला लहान अभ्रा घातल्यासारखं दिसतंय." तुमच्या वेळी गणवेश नव्हता. तुम्ही तीच ती बाटलीच्या रंगाची हिरवी सुती साडी नेसून यायचात, मी कारखान्यातून थेट पांढऱ्या शर्टात यायचो, आणि तुम्ही म्हणायचात, "पंडिता, तू म्हणजे ट्यूबलाइट. त्या कपाटामागे जाऊन बस."

बायकोने आत्ताच येऊन विचारलं, "कुणाला लिहिताय एवढं?" मी म्हटलं, "अक्कांना." तिने तुम्हाला चार-पाच वर्षं पाहिलंय, म्हणून दचकली नाही. "पत्ता आहे?" "नाही." "म्हणजे पिनकोड शोधायला नको," असं म्हणून ती कुकर लावायला गेली. पत्र पाठवायचं नसलं की एक सोय असते. खोटं लिहून काही पदरात पडत नाही. तेव्हा सरळ सांगतो. ती परत आली आहे. कोण, ते तुम्हाला सांगायला नको, पण मला एकदा माझ्या हाताने नीट लिहून बघायचं आहे. ती अकरा वर्षांची राणी, पुठ्ठ्याचा मुकुट घातलेली, जिच्यावर भर नाटकात पडदा पडला. तो पडदा मी ओढला होता. तुम्ही तिला सांगितलंत, की दोर तुमच्या हातून सुटला. आणि मला सांगितलंत, की जा आणि तिला खरं काय ते सांग. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मी अजून सांगितलेलं नाही.

या शहरात मी आलो तो विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात हिंदी अधिकारी म्हणून. पाठशाळेत दहा वर्षं घोकंपट्टी, वर संस्कृतचं एम. ए., आणि काम काय, तर मराठी माणसाने कन्नड कामगारांसाठी इंग्रजी पाट्यांचं हिंदी करायचं आणि ते कुणी वाचायचं नाही. जयनगरला एका खोलीत राहत होतो. संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या बालनाट्याला हातभार लावायला गेलो. हातभार म्हणजे माझ्या मनात दिग्दर्शन होतं. गेलाबाजार मुलांचे उच्चार सुधारणं. तुम्ही मला खालपासून वरपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, "उंची बरी आहे. दोर ओढायला येतो काय?" 'नेपथ्य' या शब्दाचा मूळ अर्थ पडद्यामागची जागा असा आहे, सजावट असा नव्हे, हे मी तुम्हाला त्याच दिवशी, तिथल्या तिथे ऐकवलं होतं. आठवलं की अजून कान गरम होतात. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. "सरी," म्हणालात, म्हणजे बरं, "आता त्या मूळ अर्थात स्वल्प झाडू मार."

तुमचं घराणं कुठल्याशा सरदाराच्या पागेबरोबर इथे आलेलं, त्याला साडेतीनशे वर्षं झालेली. तुमचं पहिलं लांबलचक वाक्य ऐकलं तेव्हा मला वाटलं, चला, आपल्याला कन्नड समजायला लागलं. ते मराठी आहे हे कळायला आठवडा गेला, आणि ते माझ्या मराठीहून जुनं आहे हे कबूल करायला काही वर्षं. मी तुमची वाक्यं दुरुस्त करायचो. तुम्ही माझी करायचा नाहीत. फक्त मी जरा लांबण लावली की "साकू, पंडिता, साकू" म्हणायचात. पुरे, एवढाच त्याचा अर्थ. पण पुण्याकडचं 'पुरे' लागतं तसं ते लागायचं नाही.

पडदा ओढणं दोन दिवसांत जमलं. उजव्या हाताने दोर खाली घ्यायचा, डाव्याने सैल सोडत राहायचा, मधेच कप्पीत अडकला तर झटका न देता एक वीत मागे जायचं. तुमचे नियम शिकायला मात्र वेळ लागला. स्टेजवर मूल अडलं, तर विंगेतून कुणीही शब्द टाकायचा नाही, हा पहिला. मुलाने आपल्या कानाला हात लावला, तरच शब्द द्यायचा. हात लावला नाही, म्हणजे ते स्वतः शोधतंय. मध्ये पडायचं नाही. आणि दुसरा नियम मी कुठल्याही नाट्यशास्त्रात वाचला नव्हता: मूल अडलं, की विंगेत जे कोणी असतील त्या सगळ्यांनी खाली बसायचं. जमिनीवर, मांडी घालून. मी कारण विचारलं तेव्हा तुम्ही अवरेकाई सोलत होतात. हिवाळ्यात या गावात दुसरं काही सोलतच नाहीत. आपल्या पावट्याच्या जातीच्या त्या शेंगा तुम्ही पिशवी भरून विंगेत आणायचात. म्हणालात, "अडलेलं पोर पहिलं विंगेत बघतं रे. तिथं सगळे उभे, डोळे मोठे केलेले दिसले, की त्याला वाटतं घराला आग लागली. बसलेले दिसले, की वाटतं, वेळ आहे." मग एक शेंग मोडून म्हणालात, "ही पोरं शाळेत इंग्लिश, रस्त्यावर कन्नड, आणि जेवायला बसली की मराठी. यांची मराठी आतल्या खोलीत असते. आणायला जायला लागतं. जाऊन येऊ दे की."

मला हे पटलं होतं. पटणं आणि हाताला वळण लागणं यांत अंतर असतं, ते जानेवारीतल्या त्या रविवारी कळलं. दुपारचे साडेचार झाले आहेत. हॉल भरला आहे. राजवाड्यात चोर पकडला गेला आहे, दरबार बसला आहे, आणि राणी निकाल द्यायला उठते. उजवा हात वर करते. आणि थांबते. समोरच्या विंगेत तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्याच होतात. माझ्या बाजूला मी उभा. कुणीतरी खोकतं. कुणाचं तरी तान्हं मूल नेमकं तेव्हा बोलायला लागतं. मी आकडे मोजतो आहे. मुलीचा खालचा ओठ हलतो आहे. ती विंगेकडे बघते. दिव्यांच्या झोतात तिला चेहरा दिसत नसणार, पण दोराशी कुणीतरी उभं आहे एवढं दिसतं: मी, दोराला लटकल्यासारखा, डोळे मोठे केलेला. तुम्ही समोरून तळहात खाली करून खूण करता: बस, बस. मला खूण कळते. मी बसत नाही. तिचा हात कानाकडे गेला का, हेही मी बघत नाही. दहा आकडे झाले आणि मी दोर ओढला. पडदा मधोमध येऊन मिटला आणि पलीकडे टाळ्या वाजल्या. मोठ्या मनाच्या माणसांनी वाजवल्या असतील, आणि म्हणूनच त्या फार वाईट वाजल्या.

आत ती तशीच उभी होती, हात वर. म्हणाली, "मला आठवलं होतं." मग आणखी हळू, "मी सांगणारच होते." तोवर तुम्ही मागच्या पडद्याआडून माझ्या बाजूला आला होतात. मला काही विचारलं नाहीत. माझ्या हातातून दोर काढून घेतलात, एवढंच. तिचे वडील पायऱ्या चढून आले, कुठल्याशा संशोधन संस्थेत इंजिनियर होते, शर्टाची वरची गुंडी लावलेले गृहस्थ, तेव्हा दोर तुमच्या हातात होता. "अय्यो पुट्टी," तुम्ही तिला म्हणालात, "माझ्या हातून सुटला गं दोर. म्हातारी झाले मी." तिने तुमच्याकडे पाहिलं, मग दोराकडे पाहिलं. मी चार पावलांवर होतो. तळहाताला दोराचा वळ उठलेला, आणि एरवी नेपथ्यापासून व्युत्पत्तीपर्यंत कशावरही चालणारं तोंड मिटलेलं. पाच मिनिटांनी नाटक पुढच्या प्रवेशापासून सुरू झालं. त्या चोराचा निकाल त्या वर्षी लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी बनशंकरीला तुमच्याकडे आलो. मागच्या अंगणात दोरीवर अख्खा दरबार वाळत घातलेला, सेनापतीची तुमान उलटी टांगलेली. स्वयंपाकघरात तुम्ही मला कॉफी दिलीत आणि भिजवलेल्या अवरेकाईच्या दाण्यांचं पातेलं माझ्यापुढे सरकवलंत. दाणा चिमटीत धरून दाबला, की सालीतून सुटून बाहेर उडतो. माझा पहिला दाणा देवघरापर्यंत गेला. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "किती मोजलास?"

"दहा."

"दहा कुणाचे? तुझे का तिचे?"

मी म्हटलं, "मला तिची दया आली, अक्का."

"दया नव्हे रे ती. तुझ्याने बघवेना. डोळे मिटायचे होते तर स्वतःचे मिटायचे. सगळ्या हॉलचे कशाला मिटलास?"

पाठशाळेत मी छडी खाल्ली आहे, कोनाड्यात उभा राहिलो आहे, एकदा एका गुरुजींनी माझी वही विहिरीत टाकली होती. त्यातलं काहीही इतकं लागलं नव्हतं. मी दाणे सोलत राहिलो. मग धीर करून विचारलं, "मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?" तुम्ही गॅस बारीक केलात. "काल त्या पोरीला कुणावर तरी रागवायला पाहिजे होतं. तुझ्यावर रागवली असती तर तू उद्यापासून आला नसतास. मी कुठं जाणार?" आणि मग, पातेल्यात बघत, "पण हे माझ्यापाशी ठेवू नको. तूच जाऊन सांग तिला." मी हो म्हटलं. "कधी?" "सांगतो." "सांगतो म्हणजे कधी, पंडिता? तुमच्या पाठशाळेत काळ शिकवत नव्हते काय?"

ती मुलगी नंतर तालमीला आली नाही. जूनमध्ये तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते शहर सोडून गेले, असं कळलं. हे मी नंतर सगळ्यांना, आणि स्वतःलाही, असं सांगत आलो, की जणू बदली पुढच्याच आठवड्यात झाली होती. जानेवारी ते जून म्हणजे पाच महिने होतात. त्या पाच महिन्यांत एकदा मी त्यांच्या क्वार्टर्सच्या फाटकापर्यंत गेलो. वॉचमनने विचारलं, "यारु बेकु?" कोण पाहिजे, एवढा सोपा प्रश्न. मी "कुणी नाही" म्हटलं आणि आलो त्याच बसने परत गेलो.

दोर तुम्ही मला वर्षभर दिला नाहीत. इस्त्री दिलीत. राजे, प्रधान, वाघ, माकड, सगळ्यांच्या कपड्यांना मी इस्त्री केली, आणि संस्कृतच्या एम.ए.ला झालरीची इस्त्री येत नाही हे मंडळात सर्वश्रुत झालं. पुढच्या डिसेंबरात, तालीम सुरू व्हायच्या आधी, तुम्ही पिशवीतून एक लहानसा फणसाच्या लाकडाचा पाट काढलात. तुमच्या आईचा. तुम्ही त्याला 'मणे' म्हणायचात. तो दोराच्या खाली ठेवलात आणि म्हणालात, "उभ्या माणसाच्या हातात दोर द्यायचा नाही. बस." त्यानंतर मी कायम बसून पडदा ओढला आहे. बसलेल्या माणसाला दोर ओढायला आधी उठावं लागतं, आणि त्या उठण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात पुष्कळ मुलांना पुष्कळ काही आठवतं. हे तुम्ही मला समजावून सांगितलं नाहीत. नुसता पाट दिलात.

त्या पाटाचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि ते फक्त नाटकापुरते नाहीत. माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर एकेका वाक्याला त्यांना मिनिट-मिनिट लागायचं. भाऊ पुढचा शब्द पुरवायचा, नर्स पुरवायची, आई तर अख्खं वाक्यच पुरं करायची, आणि बाबा मान हलवून सोडून द्यायचे. एका दुपारी मी एकटा होतो. त्यांनी सुरुवात केली आणि अडले. मी पलंगाशेजारी फरशीवर मांडी घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "मागच्या दाराची कडी वरची लाव, खालची लागत नाही." एवढंच. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचं. त्यानंतर माझ्याशी ते बोलायला लागले. शेवटचे चार महिने आम्ही जेवढं बोललो, तेवढं त्याआधी चाळीस वर्षांत बोललो नव्हतो. मी तेव्हाच तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं, पण तुम्हाला जाऊनही तोवर तीन वर्षं झाली होती.

दर जानेवारीत तुम्ही मला विचारायचात, "सांगितलास?" मी म्हणायचो, पत्ता नाही. ते खरंच होतं. तुम्ही म्हणायचात, "पत्ता शोधला की सापडतो." तेही खरं होतं. शेवटच्या वर्षी, खुर्चीत बसवून तुम्हाला प्रयोगाला आणलं होतं, तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत. मला बरं वाटलं होतं. हेही लिहून टाकतो.

या ऑगस्टमध्ये नव्या मुलांची नावनोंदणी होती. एक बाई दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या, एचएसआर लेआउटहून, दीड तास ट्रॅफिकमधून, लॅपटॉपची बॅग खांद्याला तशीच. मी ओळखलं. वर बघून बोलायची पद्धत तीच. तिने मला ओळखलं नाही. तेव्हा मी बारीक होतो आणि डोक्यावर केस होते. मुलगी आत गेल्यावर ती माझ्याशी बोलायला लागली. "काका, ॲक्च्युअली मीपण होते इथे लहानपणी. दोन वर्षं. तेव्हा एक आजी होत्या, सगळे अक्का म्हणायचे. तुम्ही ओळखत असाल."

"हो."

"त्यांनी माझ्यावर पडदा पाडला होता. मधेच. आणि मग म्हणे, दोर सुटला. काका, दोर सुटला तर पडदा आहे तसा राहील ना? बंद कसा होईल? अकरा वर्षांची होते मी, बावळट नव्हते."

अक्का, तुम्ही तीस वर्षं विंगेत काढलीत, आणि आयुष्यातलं एक खोटं बोलताना कप्पीचं साधं गणित विसरलात. एक पोर ते तिथल्या तिथे पकडून बसली. ती हसत सांगत होती, म्हणजे हसायची सवय झालेल्या माणसासारखी. "मला वाटलं, मी त्यांना इतकी वाईट वाटले की त्यांनी मला बंदच केलं, आणि वर गोड बोलून गप्प केलं. सिली आहे, मला माहितीये. पण अजून मीटिंगमध्ये मी इतकी फास्ट बोलते ना, माझा नवरा म्हणतो, श्वास तरी घे. मला सारखं वाटतं, कुणीतरी मला म्यूट करणार." मग तिने विंगेकडे बघत विचारलं, "आता पडदा कोण बघतं?"

मी म्हटलं, "मी."

"थँक गॉड," ती म्हणाली. "मग टेन्शन नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ऑगस्ट गेला. सप्टेंबर ते डिसेंबर दर रविवारी ती आली. माझ्यासाठी एकदा चकल्या आणल्या.

गेल्या रविवारी रंगीत तालीम झाली. या वर्षीचं नाटक एका तळ्याचं आहे, ज्याच्या काठी हळूहळू इमारती येतात, आणि तिची मुलगी त्यात बगळा झाली आहे. एका पायावर उभं राहून बगळ्याने तळ्याची तक्रार सांगायची असते. ती एका पायावर उभी राहिली आणि अडली. मी पाटावर होतोच. माझ्या मागची सहा कॉलेजची मुलं, पाठीवर चमकणारी अक्षरं घेऊन, खाली बसली. त्यांना मी शिकवलं आहे. मुलीने आमच्याकडे पाहिलं. कानाला हात लावला नाही. समोर दुसऱ्या रांगेत तिची आई अर्धवट उठली होती आणि बगळ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी मोजलं नाही. खूप वेळाने बगळ्याने तो पाय खाली ठेवला, दुसरा उचलला, आणि वाक्य सांगितलं. अख्खं, एका दमात. दिग्दर्शिका खालून ओरडली, "पाय बदललास ते मस्त होतं! ठेव ते!"

तालमीनंतर ती विंगेत आली. डोळे पुसलेले होते. "काका, तुम्ही सगळे खाली का बसलात?"

"पद्धत आहे आमची."

"कुणी काढली?"

एवढं तरी खरं बोलावं म्हणून मी म्हटलं, "अक्कांनी."

तिचा चेहरा बदलला. "अक्कांनी?" ती म्हणाली, "मग माझ्या वेळी त्या का नाही बसल्या?"

तुम्ही बसला होतात. मला बसायची खूण करत होतात. एक वाक्य होतं, अक्का, आणि ते मला कुठल्याही आतल्या खोलीतून आणायचं नव्हतं. सव्वीस वर्षं जिभेवर आहे. ती माझ्याकडे बघत उभी होती, वाट बघत, कसलीही घाई न करता. मी पाट उचलायला वाकलो आणि म्हटलं, "आत्ता निघालीस तर रस्ता मोकळा मिळेल. सहानंतर अडकशील." ती म्हणाली, "हो, खरंच," आणि मुलीला घेऊन गेली.

मी तुमचे आभार मानायला बसलो होतो, आणि ते मानतोही आहे. तुमच्यामुळे गेल्या पंचवीस वर्षांत या हॉलमध्ये एकाही मुलावर मधेच पडदा पडला नाही. बाबांशी बोलणं झालं तेही तुमच्यामुळे. पण तुमच्या पद्धतीचं सगळं श्रेय माझ्याकडे आलं, आणि माझ्या चुकीचा सगळा राग तुमच्याकडे गेला. तिच्या लेखी आता तुम्ही पूर्वीहून वाईट झालात: सगळ्या मुलांसाठी खाली बसणारी आणि तिच्या एकटीसाठी न बसलेली बाई. माझ्या एका अर्ध्या सत्याने एवढं केलं.

परवा, रविवारी चार वाजता प्रयोग आहे. मुलीला तयार करायला ती तीनला येईल. सांगायचं तर मधे एक तास आहे. ती रागावली तर ऐकून घेईन. मंडळाने दोर काढून घेतला तर देईन, मला वाईट वाटेल, पण देईन. मला काळजी वेगळीच आहे. प्रयोग चांगला होईल, ती येऊन माझे आभार मानेल, मी "त्यात काय एवढं" म्हणेन, आणि तिला न सांगताही माझं पुढे नीट चालेल. आजवर चाललंच आहे, अक्का.